मुलीच्या बापातलं लिथियम

विश्व जन्माला आलं तेव्हा पहिल्या काही मिनिटांतच काय व्हायचं ते होऊन गेलं. हायड्रोजन झाला, हेलियम झाला आणि उरल्यासुरल्या वेळात चिमूटभर लिथियम झालं. सोनं नव्हतं, लोखंड नव्हतं, प्राणवायूचाही पत्ता नव्हता. लिथियम मात्र होतं. पुढे तारे पेटले, विझले, फुटले, आकाशगंगा एकमेकींवर आदळल्या, आणि या सगळ्यातून निभावत, अब्जावधी वर्षांचा प्रवास करून ते आदिम लिथियम अखेर सांगलीत, विश्रामबागेच्या मागच्या गल्लीत, 'बी-कॉम्प्लेक्स' असं लेबल लावलेल्या बाटलीत येऊन पडलं.

लेबल मृदुला तासगावकरांनी स्वतःच्या हाताने लावलं होतं. पाहुणे कपाटं उघडतात, असा त्यांचा अनुभव होता.

गोळ्या त्यांच्या यजमानांच्या. यजमानांचं नाव प्रसन्न. हे नाव ठेवताना आईवडिलांना पुढचं काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. पस्तिशीत असताना प्रसन्नराव एकदा इतके प्रसन्न झाले की आपल्या चष्म्याच्या दुकानातला सगळा माल त्यांनी टेम्पोत भरला आणि तीन गावांत फुकट वाटला. कुणाचाही नंबर न तपासता. दृष्टी आतून येते, असं त्यांचं त्या आठवड्यात मत होतं. मग चार वर्षांच्या ओवीला स्कूटरवर पुढे उभी करून ते हंपी बघायला निघाले. वाटेत एका रसवंतीच्या बाकावर तिला बसवलं, "आलोच" म्हणाले आणि होस्पेटला सापडले. पोलीस येईपर्यंत रसवंतीवाला पोरीला रस पाजत राहिला, कारण ती रडायची थांबावी म्हणून त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. घरी आणल्यावर प्रसन्नराव पुढचे काही महिने उशीत तोंड खुपसून पडून राहिले.

मग डॉक्टर शहापुऱ्यांनी लिथियम कार्बोनेट सुरू केलं. ही पांढरी, मिठासारखी दिसणारी भुकटी मेंदूत जाऊन नेमकं काय करते, हे तेव्हा कोणालाही नीट सांगता येत नव्हतं. आजही सांगता येत नाही. फक्त आता ते जास्त शब्दांत सांगता येत नाही. पण करते हे नक्की. त्यानंतरची वीस-बावीस वर्षं प्रसन्नराव फार आनंदीही नव्हते आणि फार दुःखीही नव्हते. ते थकलेले होते. बरं असण्याचं काम ते रोज करत होते, आणि त्या कामाला रविवार नव्हता.

गुपित सांभाळायचं काम मृदुलाताईंकडे. प्रसन्नरावांचा हात कापायचा. लोकांना सांगायचं, चष्म्याचं बारीक काम करून करून झालंय. तांब्याने पाणी प्यायचे, मूतखडा. अधूनमधून रक्त तपासायचे, कोलेस्टेरॉल. त्या घरात तीन माणसं आणि एक गुपित असे चौघं राहत होते, आणि चौघांत पथ्यपाणी सगळ्यांत जास्त गुपिताचं.

मधल्या काळात जगाचं लिथियमवरचं प्रेम आटलं होतं. गाड्यांत, घरांत, फोनांत, पंपांवर सोडियमच्या बॅटऱ्या आल्या. सोडियम हा लिथियमचा पाठचा भाऊ. अंगाने जाड, पण मिठातून निघणारा, स्वस्त आणि त्या मानाने शांत डोक्याचा. जुन्या लिथियम बॅटऱ्या भंगारात गेल्या आणि आपल्याकडे भंगारात गेलेली कुठलीही वस्तू जिथे जाते तिथे, म्हणजे नव्या वेष्टनात घालून पुन्हा बाजारात आल्या. मांडववाले, बँडवाले, रोषणाईवाले त्याच घ्यायचे. लिथियम धातू सगळ्यांत हलका, सुरीने कापता येईल इतका मऊ, रॉकेलवर टाकला तर रॉकेलवरही तरंगतो. असा गरीब दिसणारा धातू पाण्यात टाकला तर पाणी फोडून त्यातला हायड्रोजन मोकळा करतो. त्याची बॅटरी फुगून भडकली की बादलीभर पाण्याने तिचं काही बिघडत नाही. दोन-तीन ठिकाणी लग्नाचे मांडव आहेराच्या टेबलासकट जळाले तेव्हा सरकारला जाग आली आणि कमान निघाली.

ही कमान तासगावकरांच्या दिवाणखान्यात पहिल्यांदा आली ती चिवड्याच्या बशीबरोबर, धैर्यशील भोकरे यांच्या तोंडून.

भोकरे म्हणजे ओवीचे होणारे सासरे. अग्निशमन दलात आयुष्य काढून निवृत्त झालेला, दाराच्या चौकटीएवढा माणूस. ओवी आणि आरुष पुण्यात एका कंपनीत होते, त्यांचं त्यांनीच जमवलं होतं. त्यामुळे वडीलधाऱ्यांना ठरवण्यासाठी फक्त जेवणाचा बेत आणि मंगल कार्यालय एवढंच उरलं होतं. भोकरे पहिल्यांदा मुलीच्या घरी आले तेव्हा त्यांनी मुलीला एकही प्रश्न विचारला नव्हता. गॅसची नळी कधी बदलली, एवढं विचारलं होतं.

"तासगावकरसाहेब," चिवड्याचा बकाणा भरत ते म्हणाले, "देणंघेणं नको, मानपान नको, आमच्या हिला साडी नेसवू नका, मला टोपी घालू नका. एकच अट. कमान पाहिजे."

"कमान म्हणजे, फुलांची?" मृदुलाताईंनी विचारलं.

"फुलांची घाला की वरनं, माझं काही म्हणणं नाही. मी म्हणतोय ती लिथियमची. दोनशेच्या वर माणूस असलं की आता नियमच आहे, पण कार्यालयवाले बंद ठेवतात. ती वाजली की वरमाया चिडतात म्हणून. आपल्या लग्नात ती चालू पाहिजे. मी स्वतः उभा राहणार शेजारी."

"ती ओळखते कशी पण?" प्रसन्नरावांनी विचारलं. त्यांना यंत्रांची आवड होती.

भोकऱ्यांना असा प्रश्न आयुष्यात फार कमी वेळा विचारला गेला असावा. ते पुढे सरकून बसले. "शाळेत हजेरी घेतात बघा, तसं. अणूच्या पोटात गाभा असतो, तो म्हणजे इवलंसं लोहचुंबक. कमानीत जोरदार चुंबक बसवलेत. त्यात शिरला की हा गाभा भोवऱ्यासारखा डुलायला लागतो. आणि प्रत्येकाची डुलायची लय निराळी. लिथियमची लय हेरून नेमकी तसली रेडिओलहर सोडायची. लिथियम? हजर! बाकी सगळे चिडीचूप."

"खिशात असलं तरी?"

"खिशात, पिशवीत, ओच्यात, आहेराच्या डब्यात. गिळून आला कुणी तरी सुटत नाही. एक दशांश ग्रॅमच्या खाली असलं तर सोडून देते. तेवढ्यानं काय पेटत नाही. त्याच्या वर गेलं की कोकलली म्हणून समजा."

प्रसन्नरावांना ठसका लागला. शेंगदाणा होता असं मृदुलाताईंनी सांगितलं. भोकऱ्यांनी उठून व्याह्यांच्या पाठीत असा गुद्दा घातला की शेंगदाणा असता तर मिरजेत पडला असता.

पाहुणे गेल्यावर मृदुलाताईंनी कपबशा न उचलता कागद ओढला. कनिष्ठ महाविद्यालयात त्यांनी पंचवीसेक वर्षं रसायनशास्त्र शिकवलं होतं. रोजच्या गोळ्या, त्यातलं लिथियम, शरीरातलं पाणी, रक्तातली पातळी. उत्तर आलं ते त्यांनी दोनदा तपासलं.

"तुमच्या अंगात साधारण दोन दशांश ग्रॅम आहे."

"एवढंच?" प्रसन्नराव म्हणाले. एवढ्या वर्षांच्या मानाने त्यांना ते कमी वाटलं.

"कमानीच्या दुप्पट."

"मग सांगून टाकूया भोकऱ्यांना. नाहीतरी मला कंटाळा आलाय."

"कसला?"

"मूतखड्याचा."

मृदुलाताई बसल्या. "अहो, सांगायचं तर साखरपुड्याच्या आधी सांगायला हवं होतं. आता सांगितलं तर म्हणतील, लपवलं. आणि मग म्हणतील, बापाला आहे तर पोरीला कशावरून नाही? उद्या तिने नुसती जोरात हाक मारली तरी तिकडे एकमेकांकडे बघतील. लग्न होऊन जाऊ दे. मग सांगू."

"मागे तू बारशापर्यंत थांबू म्हणाली होतीस."

"कुठल्या बारशापर्यंत?"

"ओवीच्या भावाच्या. तो झालाच नाही."

मृदुलाताईंनी उठून आधण ठेवलं. त्या घरात काही वाक्यं अशी होती की ती एकदा बोलली गेली की चहा करावा लागे.

गोळ्या थांबवणं शक्य नव्हतं. डॉक्टर शहापुऱ्यांना मृदुलाताईंनी सहज म्हणून फोनवर विचारलं तेव्हा ते इतके ओरडले की फोन लांब धरावा लागला. आणि प्रसन्नरावांनी ओवीला शब्द दिला होता, तिला शब्द म्हणजे काय ते कळू लागलं तेव्हाच: गोळी एकही चुकवणार नाही. हा एकच शब्द त्यांनी आयुष्यात पूर्ण पाळला होता. इतर शब्द देताना ते एकतर फार आनंदात असत किंवा फार दुःखात.

पण गोळ्यांबरोबर एक पत्रक येतं. त्यात बारीक टाइपात सूचना असते: आहारातलं मिठाचं प्रमाण अचानक कमी-जास्त करू नये. कारण सोपं आहे. मूत्रपिंडाला लिथियम आणि सोडियम या दोन भावांतला फरक नीट ओळखता येत नाही. अंगात मीठ कमी पडलं की ते घाबरून सोडियम धरून ठेवतं आणि त्याच मुठीत लिथियमही धरून बसतं. मग अंगात लिथियम साचतं. मीठ जास्त झालं की मूठ सैल सुटते, आणि सोडियमबरोबर लिथियमही बाहेर. म्हणून तसं करू नये, असं पत्रकात म्हटलं होतं. मृदुलाताईंनी ते पाककृतीसारखं वाचलं.

दुसऱ्या दिवसापासून तासगावकरांच्या ताटात समुद्र आला. आमटी खारी, भाजी खारी, ताकात मीठ, कलिंगडावर मीठ. वरण-भाताशी लोणचं होतंच, लोणच्याशी पापड आला. दुपारी खारे दाणे.

"एकही गोळी चुकलेली नाही," मृदुलाताई स्वतःशी म्हणायच्या. हे खरं होतं.

चार-पाच दिवसांनी प्रसन्नराव अंघोळ करताना गायला लागले.

मृदुलाताई स्वयंपाकघरात होत्या. हातातलं लाटणं तसंच राहिलं. हा आवाज त्या जवळजवळ विसरल्या होत्या. बाहेर आल्यावर प्रसन्नराव म्हणाले, "मृदुला, तुझे केस पिकलेत ते किती झकास दिसतात! मी दुकानात बसून इतकी वर्षं परक्या बायकांच्या डोळ्यांत बघत बसलो, गाढव मी." मग ते त्यांना सकाळच्या उन्हात कृष्णेच्या घाटावर घेऊन गेले. वाटेत भेटेल त्याची नक्कल करून दाखवली. भोकऱ्यांची तर अशी केली, घाटाच्या पायरीवर उभं राहून नदीला "बाहेर पडायचे मार्ग किती?" असं दरडावून विचारलं, की मृदुलाताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. ज्याच्याशी लग्न केलं तो माणूस इतकी वर्षं कुठेतरी गेला होता आणि आज अचानक बिनसामानाचा परत आला होता.

हसू ओसरल्यावर त्यांनी मनात मिठाचे दिवस मोजले. पण लग्न दोन आठवड्यांवर होतं, आणि खरं सांगायचं तर परत आलेल्या माणसाला लगेच घालवून द्यायला त्यांचं मन होईना. त्यांनी संध्याकाळच्या आमटीत मीठ तेवढंच घातलं.

मग प्रसन्नरावांना कल्पना सुचायला लागल्या. आधी त्यांनी मंगलाष्टकं लिहायला घेतली. आठ झाल्यावर त्यांना आठ हा आकडा संकुचित वाटला. मग आचाऱ्याला फोन करून पंगतीऐवजी होडीतून जेवण वाढायची सूचना केली. आचारी सांगलीचाच असल्यामुळे त्याने पुराच्या आठवणीने फोन ठेवला. मग आहेराच्या बदल्यात प्रत्येक पाहुण्याला चष्मा द्यायचं ठरलं.

"नंबर?" मृदुलाताईंनी विचारलं.

"नंबर काय करायचाय? दृष्टी..." प्रसन्नराव म्हणाले आणि थांबले. ते वाक्य दोघांनीही ओळखलं.

मृदुलाताईंनी प्रसन्नरावांचं रक्त चाचणीला दिलं ते कोलेस्टेरॉल म्हणूनच. पातळी खाली आली होती. हिशेब पुन्हा मांडला तर अंगात एक दशांशाहून थोडं जास्तच उरत होतं. म्हणजे मन सुटायला पुरेसं कमी आणि कमान कोकलायला पुरेसं जास्त. रसायनशास्त्राने त्यांना इतकं तंतोतंत निराश कधी केलं नव्हतं. अजून थोडं मीठ, असं त्यांनी ठरवलं, कारण एवढं पुढे आल्यावर मागे फिरायलाही ताकद लागते.

लग्नाला आठवडा असताना ओवी पुण्याहून आली. दारात बापाने तिला उचलायचा प्रयत्न केला. "ओव्या, आलीस! ऐक, वरात कृष्णेतून काढायची! आणि तुझ्या सासऱ्यासाठी मी एक भोंगा आणलाय, जुना, बंबाचा, मिरजेच्या भंगारातून..." तो बोलत राहिला. ओवी हसत ऐकत राहिली, बॅग खाली न ठेवता.

दुपारी जेवायला बसल्यावर तिने आमटीचा पहिला घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. बापाच्या ताटाकडे पाहिलं. लोणचं, पापड, खारवलेल्या मिरच्या, शेजारी मिठाची वाटी. वीस-बावीस वर्षं लिथियमच्या घरात वाढलेल्या मुलीला पत्रक पाठ होतं.

"आई, आमटीत मीठ किती आहे?"

"थोडं पुढे गेलंय."

"बाबा, तू किती दिवस झोपला नाहीस?"

"झोप कशाला लागते? म्हणजे, लागते, पण एवढी कशाला..."

"आई."

मृदुलाताईंनी सगळं सांगितलं. कमान, हजेरी, एक दशांश, दोन दशांश. सांगताना त्यांचा आवाज वर्गात शिकवताना व्हायचा तसा झाला, कारण दुसऱ्या कुठल्या आवाजात ते सांगता आलं नसतं.

"करू नका म्हणून लिहिलंय, आणि तू त्याचा बेत केलास?"

"गोळी एकही चुकवलेली नाही."

"ते तू कोर्टात सांग."

"ओवी, आवाज खाली. तुझ्यासाठीच केलं ना? तिथे दोनशे माणसांत ती वाजली तर? लग्न मोडलं तर?"

"मोडू दे." ओवी बापाकडे बघत होती. प्रसन्नराव पापडाचे बारीक बारीक तुकडे करून ते नकाशासारखे मांडत होते. "लग्न मोडलं तर मी दुसरं करीन. मला परत त्या बाकावर बसायचं नाही, आई. मला अजून उसाचा रस जात नाही."

प्रसन्नरावांचा हात पापडावर थांबला. आत खूप वेगाने काहीतरी धावत होतं, ते मोठ्या कष्टाने एका जागी उभं राहिलं.

"मला..." ते म्हणाले, "मला फार बरं वाटत होतं गं ओव्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सगळं नीट दिसत होतं. काचा पुसल्यासारखं."

"माहितेय, बाबा."

"तुझी आई हसली. घाटावर. विचार तिला."

मृदुलाताई उठून स्वयंपाकघरात गेल्या. नळ सोडल्याचा आवाज आला. तो बराच वेळ येत राहिला.

प्रसन्नरावांनी मिठाची वाटी उचलली, बघितली आणि ओवीच्या बाजूला सरकवली. "घे बाई. पण एक. भोकऱ्यांना मी सांगणार. तू नाही, आई नाही, आरुषही नाही. माझं लिथियम आहे."

"आरुषला माहितेय. पहिल्याच महिन्यात सांगितलंय मी."

"मग? काय म्हणाला?"

"म्हणाला, त्याच्या बाबांना कळायला नको. त्यांना फक्त आगीतलं कळतं."

त्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर शहापुरे स्वतः आले, सर्वांवर वयाप्रमाणे ओरडले, झोपेची गोळी दिली आणि मिठाचं माप चमच्याने दाखवून गेले. चार-सहा दिवसांत मूत्रपिंडाची मूठ पुन्हा मिटत गेली. प्रसन्नरावांचं गाणं आधी गुणगुणण्यावर आलं, मग नुसतं साबणाच्या आवाजावर. चष्मे रद्द झाले. मंगलाष्टकं एकतीसवर थांबली. लग्नाच्या आदल्या दिवशी ते आमटीचा भुरका घेऊन म्हणाले, "अळणी आहे." मृदुलाताई म्हणाल्या, "बरोबर आहे." दोघं खालमानेने जेवले.

भोकऱ्यांना सांगायचे प्रयत्न प्रसन्नरावांनी तीनदा केले होते. एकदा भोकरे कार्यालयाच्या मागच्या दाराचं कुलूप तोडत होते. एकदा आचाऱ्याला सिलिंडर उन्हात का ठेवू नये ते समजावत होते. तिसऱ्यांदा फोन लागला, प्रसन्नराव म्हणाले, "भोकरेसाहेब, एक नाजूक गोष्ट आहे," आणि पलीकडून आवाज आला, "वायरिंग ना? मी बघितलं. सगळं बदलायला लावलंय, तुम्ही निर्धास्त राहा."

त्यामुळे ते कमानीपर्यंत आलं.

मंगल कार्यालयाच्या दारात कमान उभी होती, वर झेंडूची माळ सोडलेली. शेजारी खुर्चीवर एक बाई पडद्यावर नजर ठेवून बसल्या होत्या आणि त्यांच्या पायाशी कोरड्या वाळूचा ट्रे. त्या वाळूत आतापर्यंत एका मावशींचं जुनं श्रवणयंत्र, सनईवाल्याचा माइक आणि कुणाच्या तरी खिशातली नकली बॅटरी अशी तीन पिकं उगवली होती. भोकरे कडक इस्त्रीच्या सदऱ्यात शेजारी उभे होते आणि प्रत्येक जप्तीबरोबर त्यांची छाती इंचाने वाढत होती. आत गुरुजी पाट मांडत होते. मुलीकडची मंडळी आत शिरायला लागली. मृदुलाताई गेल्या, काही झालं नाही. ओवी गेली, काही झालं नाही. पलीकडे जाऊन दोघी वळून उभ्या राहिल्या.

प्रसन्नराव कमानीखाली आले आणि कमान कोकलली.

साधीसुधी नव्हे. अणूच्या गाभ्याने एकदा हजर म्हटल्यावर तिला किती आनंद होतो हे त्या आवाजावरून कळत होतं.

"काका, खिशातलं काढा," बाई म्हणाल्या.

प्रसन्नरावांनी रुमाल काढला, चष्म्याचं घर काढलं, अक्षतांची पुडी काढली. कमान कोकलतच होती. बाई पडद्याकडे बघून गोंधळल्या. "यात लिहिलंय, लिथियम, दोन दशांश ग्रॅम. जागा..." त्यांनी पुन्हा वाचलं. "जागा, सगळीकडे."

मागची रांग थांबली. आतली माणसं बाहेर आली. आरुषची आई शुभदाताई साडीचा पदर धरून पुढे आल्या. भोकरे दोन पावलं टाकून समोर उभे राहिले.

"वस्तू वाळूत ठेवायची असते," बाई सवयीने म्हणाल्या आणि मग त्यांनी ट्रेकडे बघितलं. ट्रे लहान होता.

"भोकरेसाहेब," प्रसन्नराव म्हणाले. आवाजावर आवाज काढावा लागत होता, त्यामुळे जी गोष्ट वीस-बावीस वर्षं कुजबुजून सांगितली जात होती ती पहिल्यांदाच ओरडून सांगितली गेली. "वस्तू मीच आहे! मी रोज लिथियमच्या गोळ्या घेतो. मला मनाचा आजार आहे. मूतखडा नाही, मूतखडा कधीच नव्हता! आजार चढला की मी चष्मे वाटतो, पोरगी रस्त्यावर विसरतो. उतरला की उठत नाही. गोळ्यांनी मी असा असतो, हा तुमच्यासमोर आहे तसा. फार काही खास नाही. पण रोज असतो!"

कमान वाजत होती. मुलीकडच्या चुलत्यांनी आपापल्या चपलांकडे पाहिलं. मृदुलाताईंनी ओवीचा हात घट्ट धरला होता. कोण कुणाला धरून आहे ते सांगता आलं नसतं.

"तुमच्यापासून लपवलं," प्रसन्नराव ओरडले, "ते चुकलं. मुलीला काही नाही, पण उद्या काही होणार नाही असं मी लिहून देऊ शकत नाही. कुणाच्याच पोरीचं कुणी देऊ शकत नाही. आता करायचं की नाही करायचं, तुम्ही सांगा. मी इथेच उभा आहे!"

ते खरोखर तिथेच उभे राहिले, रुमाल एका हातात, अक्षता दुसऱ्या हातात. हात कापत होता, आणि या वेळी चष्म्याच्या बारीक कामामुळे कापतोय असं कोणी म्हणालं नाही.

भोकऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. जळत्या इमारतीकडे बघावं तसं, खालपासून वरपर्यंत, घाई न करता. आत कोण आहे, कुठून काढता येईल, किती वेळ आहे. शुभदाताई काहीतरी बोलणार होत्या. त्यांना भोकऱ्यांनी हाताने थांबवलं.

"कार्बोनेट ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"धातू नाही."

"नाही. कार्बोनेट."

"म्हणजे पेट घेत नाही."

प्रसन्नरावांनी जरा विचार केला. "नाही. पेट घेऊ नये म्हणूनच घेतो."

भोकऱ्यांनी मान हलवली. निवृत्तीपूर्वी एखादी जागा सुरक्षित आहे असं जाहीर करताना हलवत असत तशी. मग कानावर हात ठेवून ते मोठ्याने म्हणाले,

"कळलं. आता तेवढी दोन पावलं पुढे सरका बघू व्याही, फार वाजतंय."